तीन सेकंदांचे पाच

३ जून, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज. सूनबाईने गेल्या वर्षीची कोरी डायरी दिली. कोरी म्हणजे पहिल्या चार पानांवर तिच्या व्यायामाचा तक्ता आहे. पाचव्या पानापासून कोरी. व्यायामही तिथेच संपलेला दिसतो.

कारण असं. लीगला पन्नास वर्षं झाली. देशभरातल्या पुरुषांच्या बास्केटबॉलची लीग. तिचा इतिहास छापणार आहेत, जाड कागदावर, फोटोंसकट. एक पुस्तकवाला जुन्या माणसांना गाठत फिरतोय. काल त्याचा फोन आला. आजी, पहिल्या फायनलला घड्याळ तुमच्या मिस्टरांच्या हातात होतं ना? म्हटलं, होतं, आणि अंगठा बरोबर होता, हे आधी लिहून घे, मग पुढचं बोल.

हे गेल्याला अकरा महिने झाले. माणूस गेला, पण नावावरचा डाग राहिला. तो या पुस्तकात धुऊन काढायचा. चौथी पास बाई इतिहास लिहिणार म्हणून सूनबाई हसली. हसू दे. तिच्या बी.कॉम.ने कुठे उजेड पडलाय.

४ जून

लिहिलं नाही. चष्मा सापडत नव्हता.

साडेचार वाजता सापडला. डोक्यावर होता. तोवर लिहायची वेळ गेली.

५ जून

इतिहास. (पुस्तकवाला आला की हे पान फाडून द्यायचं. तोंडाची वाफ नको.)

पहिल्या वर्षी सहा संघ. सगळे कारखान्यांचे. मैदान उघडं, सिमेंटचं, कडेने दोरी. दोरीच्या आत खेळाडू, बाहेर आम्ही. रिंगची जाळी दोन महिन्यांत फाटायची, ती मी विणून द्यायची. फुकट. खेळाडू पाळी संपवून खेळायला यायचे. त्यातला सगळ्यात उंच आमच्याच चाळवजा खोल्यांत राहायचा. दारातून वाकून यायचा तरी कपाळ आपटायचंच. सगळे त्याला शिडी म्हणायचे.

हे कारखान्याच्या फाटकावर हजेरीला. साडेसात म्हणजे साडेसात. सात एकतीसला सख्खा भाऊ आला तरी वहीत सात एकतीस. एकदा आला होता. दोन वर्षं बोलला नाही. असल्या माणसाला घड्याळावर नाही बसवायचं तर कोणाला? लीगने टेबलावर बसवलं. हातात स्टॉपवॉच, पुढ्यात पितळी घंटा.

आज पुष्कळ झालं. उद्या फायनल.

६ जून

गुडघा.

७ जून

दुसरा गुडघा.

८ जून, दुपार

फायनल. आम्ही एका गुणाने मागे. शेवटचे तीन सेकंद. चेंडू कडेवरून आत टाकायचा होता. नियम असा: आतल्या माणसाचा हात चेंडूला लागला की घड्याळ सुरू, तीन सेकंद झाले की घंटा, त्याआधी हातातून सुटलेला चेंडू धरतात. शिडीने चेंडू झेलला, दोनदा आपटला, एकाला झुकांडी दिली, वळला, उडी मारली, टाकला. चेंडू हवेत असताना घंटा वाजली. बास्केट. आम्ही जिंकलो.

समोरचे म्हणाले, एवढं रामायण तीन सेकंदांत होत नाही, पाच लागतात. घड्याळ उशिरा सुरू केलं. आपल्या कारखान्यासाठी चोरी केली. पंचांनी निकाल फिरवला नाही. पण पुढच्या मोसमात टेबलावर दुसरा माणूस होता. त्याच्या पुढच्या मोसमात विजेचं घड्याळ आलं. शिडीला कप मिळाला, ह्यांना नाव मिळालं: तीनाचे पाच.

फाटकावर उशिरा येणारे म्हणायचे, साहेब, तुमच्याकडे आमचे दोन सेकंद जमा आहेत ना, त्यातले द्या की. हे वहीत सात एकतीस लिहायचे. घरी एकच वाक्य, पन्नास वर्षं: माझा अंगठा बरोबर होता.

मी तिथेच होते, दोरीपाशी. खेळ बघायला नव्हे. अर्ध्या चड्डीतले बाप्ये उड्या मारताना बघण्यात मला काडीचा रस नाही. घराला कुलूप, किल्ली ह्यांच्या खिशात, आणि पोर कडेवर रडतंय, म्हणून गेले होते. ते पोर आता टकलं झालं. त्याचा इतिहासाशी संबंध नाही. हा परिच्छेद पुस्तकवाल्याला द्यायचा नाही.

९ जून

ह्यांचं कपाट आज रिकामं करायचं. अकरा महिने सूनबाईची जागा अडवून बसलंय. वस्तूंमध्ये जीव अडकवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

दोन शर्ट काढले. परत ठेवले. घडी नीट नव्हती.

खणात स्टॉपवॉच सापडलं. चालतं. किल्ली दिली की टिकटिक करतं. आणि घराची दुसरी किल्ली. फायनलच्या दुसऱ्याच दिवशी, अर्धी रजा टाकून, करून आणली होती. जन्मात न घेतलेली रजा. काही न बोलता माझ्या हातात ठेवली. नसती हौस.

११ जून

शिडी आला होता. दोन्ही गुडघे नवे बसवलेत, तरी दारात वाकायला विसरला. सवयीने आपटला. सत्कारांचे हार घालून घालून मान जाड झालीय. तीच बास्केट पन्नास वर्षं सांगतोय. दरवेळी चेंडू थोडा लांबून टाकतो. आता मैदानाबाहेरून टाकायचं तेवढं राहिलंय.

मी म्हटलं, दोन सेकंदांवर जन्म काढलास, एकदा तरी भाषणात ह्यांचं नाव घ्यायचंस. तो म्हणाला, वहिनी, घेतलं असतं तर लोकांनी सेकंदच मोजले असते. मग बराच वेळ चहा ढवळत बसला. चहात साखर नव्हती.

त्याच्याशी बोलणार नव्हते. ठरवलं होतं.

१२ जून

इतिहास, उरलेला. कारखाना बंद पडला. संघ सिमेंटवाल्याने घेतला, मग बिस्किटवाल्याने, मग मोबाइलवाल्याने. खेळाडू तेच, छातीवरची अक्षरं बदलली. हॉल झाला, लाकडी जमीन आली, परदेशातून सात-सात फुटी माणसं आणली. जाळी कारखान्यातून येते. माझी तीन महिने टिकायची.

(वर दोन महिने लिहिलंय. तीन करायचं.)

झाली चाळीस वर्षं सहा ओळींत. याला पुस्तक कशाला हवं होतं.

१४ जून, सकाळ

आज पुस्तकवाला येणार. सगळं तयार. पान फाडून ठेवलंय. त्याला बोलायची संधीच द्यायची नाही.

१४ जून, संध्याकाळ

पोरगा चांगला आहे. बारीक आहे. खात नसावा.

पान वाचलं, छान आहे म्हणाला, आणि लॅपटॉप उघडला. म्हणाला, आजी, एक गंमत दाखवतो. कारखान्याच्या फोटोवाल्याने फायनलची फिल्म काढली होती, कोणाच्या तरी माळ्यावर सापडली. शेवटचं एक मिनिट आहे. आवाज नाही.

मी म्हटलं, लाव. आता सगळ्यांना दिसेल अंगठा.

अंगठा दिसत नाही. टेबल कोपऱ्यात आहे. टेबलावर तीन माणसं. चेंडू आत आला, शिडीचे हात वर गेले. दोन माणसं चेंडूकडे बघतायत. तिसरा बघत नाही. तिसऱ्याची मान वळलेली आहे. दोरीकडे. मग ती झटकन परत फिरते आणि हात हलतो. तोवर शिडीने चेंडू दोनदा आपटलाय.

त्याने तीनदा लावलं. तीनदा मान वळली. ह्यांचे केस किती काळे होते.

तो म्हणाला, आजी, इथे आजोबा कुठे बघतायत?

मी म्हटलं, माशी आली असेल.

त्याने लिहून घेतलं.

१५ जून, पहाटे

एकदाच लिहिते, मग हे पान नाही.

अहो म्हटलं. एकदाच. पण जोरात. त्या गर्दीत शे-दोनशे तरी नवरे असतील. एक वळला.

पन्नास वर्षं मी धरून चालले की ह्यांना ऐकू गेलंच नाही. एवढा गलका. ऐकू गेलं असतं तर घरी येऊन बोलले नसते का? बायकोशी भांडायची एवढी मोठी सोय कोण सोडतं? मी तर आमटीत मीठ जास्त पडल्याचा राग आठ वर्षं पुरवला.

ह्यांनी सोडली. दुसरी किल्ली करून आणली.

१५ जून, दहा वाजता

ठरलं. पुस्तकवाल्याला फोन करून खरं सांगायचं. पाठ केलंय: ते चोर नव्हते, बायकोने हाक मारली म्हणून वळले. एका वाक्याचं काम. पंचवीस तारखेला पुस्तक छापायला जाणार म्हणाला होता. दहा दिवस आहेत. घाई नाही.

१६ जून

फोन सूनबाईकडे होता. बहिणीशी बोलत होती. दीड तास. विषय: पडदे.

१७ जून

अडचण आहे. खरं सांगितलं तर अंगठा चुकला हेही आलं. मग हे पन्नास वर्षं म्हणत होते त्या वाक्याचं काय? चोर नव्हते म्हणून सांगायला जावं तर खोटे ठरतात. शिवाय शिडीचा कप. नव्या गुडघ्यांवर उभा राहील कसा?

विचार करून सांगायला हवं. उतावीळपणा नको.

१९ जून

फोनची बॅटरी.

२१ जून

लेकाला सांगून बघावं म्हटलं, सरावाला. जेवताना सांगितलं, तुझ्या बाबांचं घड्याळ उशिरा सुरू झालं त्याला कारण होतं. तो म्हणाला, आई, आता सोड ना, बाबा स्वतः कधीच सोडून मोकळे झाले होते. मी म्हटलं, तुला काय ठाऊक, तू कडेवर होतास. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, जेव.

२३ जून, अकरा वाजता

फोन केला!

लागला. पुस्तकवालाच होता. म्हणाला, बोला आजी. माझं वाक्य तोंडात आलं होतं. अगदी दातांपर्यंत. मी म्हटलं, रिंगची जाळी मी विणायची, ते घेतलंस का? तो म्हणाला, अरे वा, हे तर सांगितलंच नव्हतं नीट, सांगा की. मग वीस मिनिटं जाळी. बारा गाठी वर, खाली निमुळतं, दोर आधी पाण्यात भिजवायचा. फार खूश झाला. आणखी काही? मी म्हटलं, जेवत जा.

उद्या.

२४ जून

पाऊणशे वर्षांच्या बाईला गुडघे असतात. कोणी समजून घेत नाही.

२५ जून

फोन लागला नाही.

लावला नाही.

२६ जून

झालं ते बरं झालं. माशीचं त्याने कुठे लक्षात ठेवलंय. एवढ्या मोठ्या इतिहासात माशीला कोण विचारतं. अंगठा बरोबर होता एवढं मी पहिल्याच दिवशी सांगितलंय, तेच छापतील. पुस्तक आलं की ह्यांच्या फोटोपुढे उघडून ठेवायचं. तोवर कपाट रिकामं करायचं. नक्की.

२ सप्टेंबर

पुस्तक आलं. जड आहे. सूनबाईने सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं.

पान एकेचाळीस. शिडीचा हवेतला फोटो, पान भरून. कोपऱ्यात टेबल, अर्धं कापलेलं. ह्यांचा एक कान आलाय. खाली लिहिलंय: शेवटच्या क्षणी वेळ बघणाऱ्या अधिकाऱ्याचं लक्ष खेळाकडे नव्हतं असं चित्रफितीवरून दिसतं. त्यांच्या पत्नीच्या सांगण्यानुसार, माशी आली होती.

पान बेचाळीस. जाळी. अर्धं पान. बारा गाठी, भिजवलेला दोर, सगळं. माझा फोटो. नावासकट. ह्यांचं नाव पुस्तकात कुठे नाही, सूनबाईने शेवटची यादीही बघितली. मी मात्र आहे.

लेक म्हणाला, आई, फेमस झालीस.

३ सप्टेंबर

शिडीचा फोन. हसून हसून खोकला आला त्याला. वहिनी, पन्नास वर्षं मला वाटत होतं माझ्यासाठी केलं त्याने, आणि निघाली माशी! मग हसायचा थांबला. म्हणाला, कोणाला बोललो नाही, पण कारखाना होता तोवर दरवर्षी फायनलच्या तारखेला फाटकावर जाऊन त्याला नमस्कार करून यायचो. हे दरवेळी म्हणायचे, जा रे, तुझ्यासाठी नव्हतं. शिडीला वाटायचं, मोठेपणा.

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. ठेवला.

दूध नव्हतं.

४ सप्टेंबर, दुपार

घरात कोणी नव्हतं. स्टॉपवॉचला किल्ली दिली. कपाट उघडलं. शर्ट जागेवर आहेत.

एकदा अहो म्हणून बघितलं. तेवढ्याच जोरात. घड्याळ हातात धरून मोजलं. तीन सेकंद. पाच. पुढे बराच वेळ.

सूनबाई बाथरूममध्ये होती म्हणे, मला माहीत नव्हतं. धावत आली, ओल्या केसांनी. काय झालं, कोणाला हाक मारलीत?

म्हटलं, कोणाला नाही. माशी हाकलत होते.