बरोबरची खूण

३ फेब्रुवारी, मुरुम
शुभांगी, तुझी पाठ कशी आहे? जावईबापूंची शुगर? चिन्नू नातबाईचा खोकला थांबला का? फोनवर तू घाईत असतेस, म्हणून रोज या वहीत लिहून ठेवतो. आलीस की वाच.
मी मजेत. शंभुलिंगअण्णांनी दिलेली खोली झकास, भिंती पिस्त्यासारख्या हिरव्या. खाली त्यांची डाळमिल, दिवसभर पिवळी धूळ उडते. अण्णा म्हणाले, चार दिवसांत तुमचीबी डाळ होईल बघा.

५ फेब्रुवारी
आज तू सांगितलेलं काम काढलं. फोन भरलाय, अव्वाचे फोटो नीट ठेवा, नको ते पुसा म्हणाली होतीस. तुझ्या आईला डोळे भरून पाहिलं. अव्वा शेंगा फोडताना, चिन्नूला न्हाऊ घालताना, एसटीत डुलकी घेताना. एकच बघवेना, शेवटचा. आपल्या लिंगायत रीतीनं माती द्यायच्या आधी तिला भिंतीला टेकवून बसवलेलं, कपाळभर विभूती, डोळे मिटलेले, भोवती आपण चौघं. तेवढा काढायचा ठरवला. बाकी एकेका फोटोवर मायेनं बरोबरची खूण केली आणि कचरापेटीचं चित्र दाबलं. पेटीत घाण कशाला साठवायची, म्हणून तीही रिकामी केली.

६ फेब्रुवारी
लई मोठी चूक झाली गं. ज्याच्यावर खूण तेच पुसतंय, हे मला काय ठाऊक! आपल्यात बरोबरची खूण म्हणजे राखायचं. अव्वा सगळी गेली. राहिला तो बसवलेला फोटो. अण्णांनी फोन बघितला, म्हणाले, नेटवर चढवलेलेही इथनं पुसले की जातात.
संध्याकाळी तू विचारलंस, फोटो ठेवले का अप्पा? मी म्हणलं, सगळं बरोबर आहे. जीभ कशी रेटली, बसवण्णा!

८ फेब्रुवारी
त्या फोटोत जावईबापूंच्या छातीवर पांढरी खूण आहे. धूळ समजून पुसली. जाईना. इथली धूळ तर पिवळी असते.

९ फेब्रुवारी
जावईबापू फोटोत न्हाईत. ते उभे होते तिथं नुसती भिंत. हिरवी. आपल्या घरची भिंत पांढरी होती.
दुपारी तुझा फोन. शुगर एकदम चढली, दवाखान्यात ठेवलंय. तू रडत होतीस. खरं सांगायचं होतं, धीर झाला न्हाय.

११ फेब्रुवारी
खूण ओळखली. खालचं टोक वाकडं. अव्वाला अक्षर येत नव्हतं, मीच तिला ही एवढी खूण शिकवली. दूध आलं, कॅलेंडरवर खूण. तुझ्या लग्नात भांडी दिली, बुडावर खूण. म्हणायची, खूण केली की आपलं.
आता विभूतीच्या बोटानं करतेय. मी तिचं सगळं पुसलं, म्हणून ती —
फोटोपुढं हात जोडले. मला घे म्हणलं. माझ्यावर खूण न्हाय.

१२ फेब्रुवारी
अव्वाला कवटाळलेली तू. तुझ्या पाठीवर —
फोटो पुसावा, तर त्यात चिन्नू आहे.

१३ फेब्रुवारी
फोटोत तू न्हाईस. फोन उचलत न्हाईस. अव्वाचे डोळे उघडे. चिन्नूकडं बघतेय, हात उचललाय —
चिन्नूवर बोट ठेवून झाकलंय. काढणार न्हाय. डाव्या हातानं लिहितो. पोरी, तिचा खोकला कसा आहे, एवढंच लिहून कळव, लवकर कळव, बोटाला काहीतरी गार —