पट्टी संपल्यावरची हवा

प्रिय बेडक्या,

हे पाकीट तुझ्याबरोबर बुडी मारणाऱ्या जोडीदाराच्या हातून येतंय, म्हणजे तू आत्ता बोगद्याच्या तोंडाशी अर्धा सूट चढवून बसला असशील आणि ताईला काय खूळ लागलंय म्हणून हसत असशील. हस. पण हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला मास्क द्यायचा नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. फोनवर तू माझं सगळंच हसण्यावारी नेतोस. आणि खरं सांगायचं तर दोनदा फोन केलाही होता, दोन्ही वेळा तुझ्या सर्दीची चौकशी करून ठेवून दिला.

मागच्या आठवड्यात त्याचाच मला फोन आला. चिडू नकोस त्याच्यावर. धरणाचं पाणी भरलेला बोगदा, आत अडकलेलं, तुम्ही सोडवायचं लोखंडी गेट, मध्ये कुठेही डोकं वर काढायला जागा नाही, हे सगळं त्याने सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाला की सरावात तू परत फिरायच्या खुणेपाशी फिरलाच नाहीस. त्याने दोरी तीनदा ओढली तरी तू आपला पुढेच. वर आलास तेव्हा सिलिंडरचा काटा शून्याला टेकायला आला होता, आणि तू हसत होतास. तो ओरडला तर तू त्याला म्हणालास म्हणे, पट्टी संपली तरी माणसात हवा असते. तो बिचारा मला विचारत होता, ताई, ही कसली पट्टी? मी म्हटलं, काही नाही रे, लहानपणीच्या खेळातलं काहीतरी. त्यानंतरच तुला ते दोन फोन केले.

इकडे ऑफिसातही सध्या पाणीच पाणी आहे. नव्या गेममधला पाण्याखालचा भाग माझ्याकडे आहे आणि तो खेळून बघणारे झाडून सगळे माझ्या नावाने बोटं मोडतायत. त्यांचंही चूक नाही. जमिनीवर शत्रू पुढून येतो, मागून येतो, फार तर बाजूने. पाण्यात तो पायाखालूनही येतो, आणि खेळणारा तर वर बघत असतो, कारण त्याचा जीव वर अडकलेला असतो. भाला मारावा तर हात चिखलातून काढल्यासारखा हलतो, आणि दर वाराला हवा जाते ती वेगळीच. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आमच्या गेममध्ये नेमकं तेवढंच करायचं असतं. शिवाय अंधारात दोन वळणं घेतली की वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. त्यावर बुडबुडे जातील ती वरची बाजू, हा उपाय मी तुझ्याकडूनच उचलला. हवेचा नियमही तुझाच घेतलाय. एक भाग जाताना, एक भाग येताना, एक भाग अडीअडचणीला. तो मला शिकवणारा तू, आणि मोडणाराही तूच.

साहेबांचं म्हणणं, पडद्यावर उरलेली हवा दाखवणाऱ्या पट्टीचा शेवटचा तुकडा गुपचूप सावकाश संपू द्या. खेळणाऱ्याला वाटेल, मरता मरता वाचलो, आणि तो खूश होईल. बरेच जण असंच करतात, त्यात कुणाचं काय जातं? मी तीन आठवडे नाही म्हणतेय. बाई हट्टाला पेटलीय, असं माझ्यामागे बोलतात. खरं कारण ऑफिसात सांगण्यासारखं नाही.

तुला ती सुट्टी आठवते ना? तुझा पाय प्लास्टरमध्ये, तू दहाचा, मी चौदाची. जिन्याखालच्या खोलीतला तो एकुलता एक कॉम्प्युटर, आणि एका खुर्चीत आपण दोघं, अर्धी तुझी, अर्धी माझी. गेममध्ये पोहायचं तू, भाला आणि नकाशा माझ्याकडे. ते बुडालेलं जहाज, त्याच्या पोटातली ती वाट, आणि शेवटी दडून बसलेला अजस्र वाम मासा. प्रत्येक वेळी मेलास की प्लास्टरवर पेन्सिलीने एक रेघ ओढायचास. एकतीस रेघा झाल्या तेव्हा तू जेवायचं सोडलंस. मी कशाच्याच कामाचा नाही, असं भिंतीकडे तोंड करून म्हणायचास, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

मग एका दुपारी तू ते केलंस. पट्टी संपली, निळ्याची काळी झाली, मी मागे फिर म्हणून किंचाळले, आणि तू फिरला नाहीस. काळ्या पट्टीवर तीन खोल्या पार केल्यास, वाम मारलास आणि वर आलास. बाबांनी शेजारच्यांना बोलावून आणून सांगितलं. आईने त्या दिवसापासून तुला बेडक्या केलं. प्लास्टर निघाल्या निघाल्या तू तलावात उडी टाकलीस ती आजतागायत बाहेर आलेला नाहीस. घरी कुणीही आलं की आई अजून तीच गोष्ट सांगते, आणि मी काहीतरी निमित्त काढून आत जाते.

मी आत का जाते ते सांगायला हे पत्र आहे. त्या दिवशी सकाळी तू झोपला होतास तेव्हा मी गेमची फाइल उघडली. हवा संपल्यावर दर सेकंदाला किती जीव जायचा, त्याचा एक आकडा होता. तो खोडून मी शून्य लिहिलं. पट्टी संपणार होती, मरण येणार नव्हतं. तू शूर होतास, पण जिंकला नव्हतास, बाळा. तुला मरताच येत नव्हतं. तुझं रडणं बघवत नव्हतं म्हणून केलं, आणि मग तुझं हसणं बघून जीभ रेटली नाही. बघता बघता बावीस वर्षं गेली. पट्टी संपल्यावर काही नसतं. या बोगद्यात शून्य लिहायला मी नाहीये. पहिला भाग संपला की फिर, गेट तसंच राहू दे. वर आलास की मला फोन कर आणि हव्या तेवढ्या शिव्या दे. मी सर्दीची चौकशी करणार नाही, फोनही ठेवणार नाही.

तुझीच,
उरलेल्या अर्ध्या खुर्चीवरची ताई