नाव नाही, क्वार्टर नंबर

११ ऑगस्ट
गाइड मॅडमचा फोन. पीएचडीच्या फंडासाठी आणखी एक कागद पायजे म्हणे, डेटा मॅनेजमेंट प्लॅन. म्हणजे जमवलेल्या मुलाखती कुठं ठेवशीन, कोणाले ऐकू देशीन, लोकाईची ओळख कशी झाकशीन. मी म्हटलं, त्यात काय एवढं! माझा विषय तर साधा: भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या मराठी घरांत कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते. मुलाखती झाल्या, लॅपटॉपवर पडून आहेत. पासवर्ड? आईचं नाव. हे नाही लिहायचं.

१३ ऑगस्ट
'ओळख कशी झाकाल' भरलं. नाव कुठंच नाही, प्रत्येकाले एक कोड. मॅडम रायपूरच्या. पाहून म्हणाल्या, "बढ़िया! कोई पहचान नहीं पाएगा." दिवसभर मिरवून राहिली होती मी, घरातल्या घरातच.

१४ ऑगस्ट
आई शेंगा सोलता सोलता मागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे सुमनचं घर ना?"
"तुले कसं समजलं?"
"अवं, नंबर तर लिहिला तूच."
सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर. हाच माझा कोड! फाइल ठेवताना हाताले आला तो टाकला, कारण आपण लोक असेच तर बोलतो. नावानं इथं कोण कोणाले ओळखते? प्लांटचं क्वार्टर सोडून रुआबांध्याले स्वतःचं घर बांधून इतकी वर्षं झाली, तरी मराठी मंडळात आई अजून जुन्या क्वार्टरच्या नंबरवालीच आहे. मॅडमले तो आकडा दिसला. भिलाईच्या माणसाले सरळ दार दिसते.
शिकून शिकून गाढव झाली मी.
(नंबर इथंही लिहीत नाही. एवढी अक्कल आता आली.)

१५ ऑगस्ट
सकाळी चहा घेताना आठवलं. मागच्या महिन्यातला नेहरू नगरचा सेमिनार. तिथं मी स्लाइड दाखवली होती. प्रश्न: घरात नवऱ्याशी कोणत्या भाषेत बोलता? उत्तर: "कोणत्याच नाही, बाई. लेकीच्या लग्नापासून आमचं बोलणंच नाही. पाहुणे आले का बोलतो, तेवढंच." खाली कोड.
सुमनकाकूचं उत्तर. आईची मैत्रीण. गॅस बारीक करून, दाराकडे पाहत सांगतलं होतं तिनं. "तू घरची म्हणून सांगून राहिली."
लोक हसले होते. अन् मले, लाज वाटते लिहायले, मले बरं वाटलं होतं. स्लाइड जमली म्हणून.

१९ ऑगस्ट
जे नको होतं तेच. त्या स्लाइडचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली कोणीतरी लिहिलं, "अरे, हे तर आपले वसंतराव!" मग हसरे चेहरे, एकाखाली एक. वसंतकाका, म्हणजे काकूचे मिस्टर, त्याच ग्रुपवर आहेत.
आई माझ्याशी जेवणापुरतं बोलून राहिली. तिचं बरोबरच आहे.

२२ ऑगस्ट
गेली शेवटी. काकूनं दार उघडलं, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. आजवर असं झालं नव्हतं.
म्हटलं, "काकू, तुमची मुलाखत काढून टाकते. तुमचा हक्क आहे तो, प्लॅनमध्येच लिहिलं आहे."
"लॅपटॉपातून काढशीन. लोकाईच्या डोक्यातून काढशीन का?"
मी रडली. तिनं रडू दिलं.
काका समोरच पेपर घेऊन बसले होते. म्हणाले, मले म्हणाले, "मिनू, आणखी काय म्हणली ती त्याच्यात? मले पुरं ऐकव."
काकूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मलेच म्हणाली, "त्याईले सांग, मले विचारा म्हणा. मी इथंच उभी आहो."
मी मधात. काय सांगू, दोघांनीही ऐकलं होतं. काकांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली. मी चपला घातल्या.

२६ ऑगस्ट
सगळे कोड बदलले. पासवर्डही. बैल गेला अन् झोपा केला.
'कोणाला ऐकता येईल' हा रकाना रिकामा आहे. मॅडम म्हणतात, "लिख दो ना, परिवार के सदस्य!" नाही लिहिलं.
दुपारी काकांचा फोन. "पेन ड्राइव्हवर देशीन का?"
"काका, काकूले विचारा."
मग "बरं" म्हणाले अन् ठेवला.

१ सप्टेंबर
काकूकडे महालक्ष्म्यांचं जेवण. दरवर्षी मले फोन येते, "मिनू, सकाळीच ये वं, सोळा भाज्या चिरायच्या आहेत." यंदा बोलावणं आईलेच. आई म्हणाली, चल. कोणत्या तोंडानं जाऊ?
आई आली ती डबा घेऊन. पुरणपोळी, अंबील. "मिनूले दे म्हणली. दुसरं काही नाही म्हणली."
"काकांनी विचारलं का तिले? बोलत होते दोघं?"
"बोलत होते ना. ते म्हणले, पोळी वाढ. तिनं वाढली. तूप पायजे का म्हणली, हो म्हणले."
पण पाहुण्यांसमोर तर ते बोलतातच. आधी हे एकट्या मलेच माहीत होतं.
आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सारी पंगत जेवण सोडून त्याईच्याच तोंडाकडे पाहून राहिली होती."
डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. रिकामा परत देत नाहीत. त्यात काय घालू, सुचून नाही राहिलं.