मोठ्या अक्षरांतली ओळ

मंगळवार, संध्याकाळ. देवपूर.

हे वारले त्या सकाळीही ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी उरकल्या, ओटा पुसला आणि पदराला हात पुसत कॉम्प्युटरपाशी गेले. कामावर जाताना हे माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत एक ओळ टाइप करून जायचे. त्या ओळींवरच मी वाचायला शिकले. त्या दिवशी होतं, ‘दूध वर ठेव, मांजर येईल.’ ती त्यांची शेवटची ओळ.

आज तोच कॉम्प्युटर बंद पडलाय. नवी सिस्टिम घ्या, असं पडद्यावर रोज यायचं. मी स्वतः वाचलं आणि ‘हो’ दाबलं. नवी सिस्टिम चढत असतानाच सवयीनं धुळीसाठी शिवलेलं कव्हर त्याच्यावर घातलं. या उन्हात. तापून तो मध्येच बंद झाला, तो उठलाच नाही.

दुरुस्तीवाले रमेशभाऊ येऊन हसले. “अक्का, मे महिनामा त्याले गोधडी टाकी दिनी का?” मग म्हणाले, “बठ्ठं, सगळंच पुसून नवीन टाकतो, तासाभरात चालू.”

“पुसू नका. चालू नाही झाला तरी चालेल, यांच्या ओळी तेवढ्या काढा.”

“मग उद्या दुकानात आणा. डिस्क काढून पाहतो. खात्री देत नाही.”

कव्हर घडी करून ट्रंकेत टाकलं. दूध वर ठेवलंय का, ते दोनदा पाहून आले. आता मांजरही येत नाही.

बुधवार. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षानं दुकानात गेले. ओळी निघाल्या; रमेशभाऊंनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून दिल्या. शेवटच्या ओळीखाली मी टाइप केलं, ‘ठेवलं.’