उमेदवार ओळखीचा आहे का?

कुंभकोणम्,
शनिवार, ७ जून २०२५

प्रिय कल्याणअण्णा,

साष्टांग नमस्कार. काका-काकींनाही माझा नमस्कार सांग. अप्पांचा गुडघा सोडला तर इथं सगळं ठीक आहे. आईनं तुमच्यासाठी कॉफीच्या बिया भाजून कापीची पूड दळून आणली आहे. ती आणि हे पत्र उद्या अप्पांच्या हाती पाठवते. व्हॉट्सॅपवरच लिहिणार होते, पण तुझा फोन बहुतेक वेळ काकींच्या हातात असतो आणि हे त्यांनी आधी वाचायला नको.

बुधवारच्या मुलाखतीबद्दल लिहितेय, हे तू ओळखलंच असशील. कॅमेरा सुरू झाला आणि समोर तू! इस्त्रीचा निळा शर्ट, मागे पापनाशमच्या घरातली भिंत. मी दचकलेच. तू मात्र शांतपणे "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणालास. मला सांभाळून घेतलंस.

अय्यो, हेही खोटंच लिहिलं. दचकले-बिचकले काही नाही. सोमवारीच नाव आलं होतं: बी. कल्याणराम, पापनाशम्. कंपनी दर वेळी विचारते, उमेदवार ओळखीचा आहे का? मी 'नाही' दाबलं. आपल्याकडे आडनाव कोण लावतं? तू बदरीनाथांचा म्हणून बी, मी वरदराजांची म्हणून व्ही. सख्ख्या भावांची मुलं आपण, पण कागदावर कोण कुठले! कंपनीला काय कळणार?

मनाशी म्हटलं, परक्या माणसानं अण्णाला घाबरवण्यापेक्षा मीच बरी. मग तू समोर आलास आणि माझीच पाचावर धारण बसली. रेकॉर्डिंग चालू होतं. मार्चमध्ये आमच्या टीममधल्या सहा जणांना घरी बसवलं, तेव्हापासून मी रोज सकाळी भीत भीत मेल उघडते. हिनं भावाला मदत केली असं कुणी म्हणालं तर? म्हणून कडक झाले.

दुसऱ्या प्रश्नाला तू अडलास ना, तिथं एक हिंट द्यायची असते. प्रत्येकाला देते मी, तसा नियमच आहे. माझ्यापुढे कागदावर लिहिलेली होती. तुला नाही दिली. नऊ मिनिटं तू घाम पुसत बसलास, "वन मिनिट, मॅडम" म्हणत राहिलास, आणि मी माइक बंद करून पाणी प्यायले. संध्याकाळी अहवालात लिहिलं: मदतीशिवाय उत्तर येत नाही, घेऊ नये.

आता खरं काय ते सांगते. पहिला प्रश्न तू माझ्यापेक्षा चांगला सोडवलास. मी कॉलेजात असताना प्रोग्रामिंग मला तूच शिकवलंस. काकांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून तू पापनाशमला राहिलास, आणि मी मोठ्या कंपनीत गेले. गेली आठ वर्षं घरात तेवढ्यावर मिरवतेय. तू आत आलास तर माझं काय उरेल, असं त्या नऊ मिनिटांत माझ्या मनात आलं. आलं, अण्णा. फार लाज वाटते.

गुरुवारी सकाळी कंपनीला सगळं कळवलं: आपलं नातं, मी दिलेलं खोटं उत्तर, न दिलेली हिंट. काल त्यांचं उत्तर आलं. माझा अहवाल रद्द. माझी चौकशी होईल, तोवर मी मुलाखती घ्यायच्या नाहीत. नोकरीचं काय ते त्यांनी लिहिलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. आई-अप्पांना अजून सांगितलेलं नाही. तुझी मुलाखत नव्यानं होईल, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता. दुसरं कुणीतरी घेईल. सोमवारी तुला मेल येईल.

तुझा स्वभाव मी ओळखून आहे. सहानाची नोकरी जाणार असेल तर मला ही नकोच, असं म्हणून तू नकार कळवशील. तसं केलंस तर मी बुधवारी जे लिहिलं, 'घेऊ नये', तेच खरं होईल. माझ्यावर राग धर, वर्षभर बोलू नकोस, दिवाळीला आमच्याकडे पाऊल टाकू नकोस. पण गुरुवारी मुलाखतीला बस. आणि अडलास तर गप्प राहू नकोस, तोंड उघडून हिंट माग. ती तुझ्या हक्काची आहे.

या वेळी समोर नसलेली,
तुझी सहाना