सूर्य पांघरलेली बाई

पप्पा,

भवानीनगरहून तुमच्या शलोमीचा सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

आपलं प्रोटेस्टंट घर सोडून कॅथलिक घरात गेलीस की तुझं तोंड बंद होईल, असं तुम्ही लग्नाआधी म्हणाला होतात ना? काल आमच्या अंगणातल्या प्रार्थनेत बायबलमधल्या प्रकटीकरणाचा बारावा अध्याय वाचला. सूर्य पांघरलेली गरोदर बाई, आणि तिचं बाळ गिळायला टपलेला अजगर. सासूबाई म्हणाल्या, ती मरियामाता. मी सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "आमच्या पप्पांनी चर्चमध्ये मंडळीला शिकवलंय, ती बाई म्हणजे देवाची प्रजा."

मग सासूबाईच शेजारणीला म्हणाल्या, "बघ, आमची सून हाय. पाळकाची लेक, कुणाला भ्यायची न्हाय."

पप्पा, तेव्हा तुम्ही इथं हवे होतात.

मला सातवा लागलाय. रक्तदाब जरा वाढतो, पण सासूबाई मला बादलीसुद्धा उचलू देत नाहीत. मम्मीचे गुडघे कसे आहेत?

ती बाई कोण, यावर आम्हा दोघींचं अजून जमलेलं नाही. पण तिचं बाळ अजगराच्या तावडीत सापडत नाही, ही ओळ आली तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

तुमची,
कुणाला न भिणारी शलोमी