अकरावा भाग

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

दादाचा आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून लिहितो.

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण कॉलेजचे प्रबंध बांधायला आले होते. एकोणीस प्रती, काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. शेवटची प्रत काल दाबातून काढली. आज दुकान बंद आहे. सकाळी पाणी भरलं, चहा केला, वर्तमानपत्र वाचलं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वायसर बदलला. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई थोडा वेळ येऊन बसल्या. धाकटे कसे आहेत म्हणून विचारत होत्या. तुझ्याबद्दल सगळेच विचारतात.

माझी तब्येत ठीक. अंगठा थंडीत दुखतो, तेवढंच.

कार्डावर पत्ता सोडला तर एकच ओळ आहे. "दादा, शेवट वाचून वहिनी काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत कळव." चार महिन्यांनी कार्ड, आणि त्यात माझी विचारपूस नाही. मी ते पुठ्ठ्यांच्या थप्पीखाली ठेवलं आणि तीन दिवस काम केलं. पण चूक तुझी नाही. तुझी वहिनी वारल्यावर तू विचारलंस तेव्हा मीच सांगितलं की तिने पुस्तक संपवलं आणि "ठीक आहे" म्हणाली. तू म्हणालास, "ठीक आहे? वहिनी? हजार पानांनंतर?" आणि चपला घालून निघून गेलास.

त्याबद्दलच लिहायचं आहे. पण मला एकदम तिथे जाता येत नाही, जरा मागून यावं लागेल.

ती लग्न होऊन आली तेव्हा तू दहावीत होतास आणि वह्यांच्या मागच्या पानांवर नसलेल्या देशांचे नकाशे काढायचास. पहिल्याच महिन्यात तू तिला ते बारीक पुस्तक दिलंस, अजून न बांधलेल्या दारांच्या किल्ल्या करणाऱ्या कुलूपवाल्याचं. तिने ते एका दुपारी संपवलं आणि भाजी करपवली. त्याच महिन्यात मी तिला चामडी पाठीची एक कोरी वही बांधून दिली होती. ती तिने "फार छान आहे" म्हणून कपाटात जपून ठेवली. अजून कोरीच आहे. हे मी कधी कुणाजवळ बोललो नाही.

मग त्याच लेखिकेची नदीच्या राज्याची मालिका सुरू झाली. सहा भाग, एकापेक्षा एक जाड. तुम्ही दोघं तिला नुसतं "बाई" म्हणायचात, जशा काही त्या आपल्या वरच्या मजल्यावर राहतात. ग्रंथपालबाईंनी एकदा विचारलं, या लेखिकेचं आधी काय वाचावं, तर तुम्ही दोन वेगळ्या याद्या दिल्यात. तुझी बारीक पुस्तकापासून सुरू होत होती. तिची जाड्या मालिकेपासून, आणि खाली सूचना होती की पहिली दोनशे पानं कंटाळा आला तरी सोडू नये. त्या बिचारीने दोन्ही याद्या फलकावर शेजारी शेजारी लावल्या.

तुमचं ते भांडण मला पाठ आहे.

"वहिनी, बाईंना कुणीतरी कात्री भेट द्या. तिसऱ्या भागात चाळीस पानं नुसता पूल ओलांडतात."

"तुला कुठे गाडी गाठायची होती?"

"कुलूपवाल्याची गोष्ट एकशे दहा पानांत संपवली होती. त्यात काय कमी पडलं?"

"कमी काही पडलं नाही. मला तिथे अजून राहायचं होतं, एवढंच."

एकदा तिने मला मध्ये ओढलं. "अहो, तुम्ही सांगा. जाड बरं की बारीक?" मला जे माहीत ते मी सांगितलं. म्हटलं, "जाड शिवायला बरं. पाठ गोल बसते. बारीक पुस्तक कपाटात उभं राहत नाही." तुम्ही दोघं इतकं हसलात की तुला ठसका लागला, आणि ती तुझ्या पाठीवर थोपटत राहिली. मीही हसलो. पुढे आठवडाभर कुठल्याही पुस्तकाचा विषय निघाला की तुम्ही एकमेकांना विचारायचात, "पाठ कशी आहे?" चेष्टाच होती, मला कळतं. पण मी पुन्हा मत दिलं नाही.

तू नोकरीसाठी गेलास तेव्हा मला वाटलं, आता थांबेल. तर रविवारी अकराचा फोन सुरू झाला. मी मुद्दाम त्या वेळी आंघोळीला जायचो. नळ सोडला तरी ऐकू यायचं. तुझ्याशी बोलताना ती जे हसायची ते हसू घरात दुसऱ्या कुणासाठी नव्हतं. आणि घरात दुसरा मी एकटाच होतो.

माझ्या मनात वावगा संशय होता असं समजू नकोस. तसा कधीच नव्हता. संशय असता तर निदान भांडता आलं असतं.

गेल्या जूनमध्ये तू मालिकेचा शेवटचा, सहावा भाग घेऊन आलास तेव्हा आजारपणाने तिच्या मनगटांत जोर उरला नव्हता. एक हजार चाळीस पानांचं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलंस, तर तिला ते उघडून धरताही येईना. तू म्हणालास, "म्हणून सांगत होतो, वहिनी, बारीक वाचत जा." ती हसली, पण पुस्तकावरचा हात तिने काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी ते दुकानात नेलं आणि उसवलं. सोळा पानांचा एक फर्मा, असे पासष्ट फर्मे निघाले. सहा-सहा फर्म्यांचे दहा भाग शिवले आणि उरलेल्या पाच फर्म्यांचा अकरावा. राखाडी कागदाची कव्हरं लावली. तिला एका हातात धरता येतील असे. तू फोनवर म्हणालास, "दादा, जादूच केलीस की." मला बरं वाटलं होतं. तेही खरं आहे.

अकराही भाग आठवड्यात तयार होते. घरी मात्र मी एकेकच नेत होतो. म्हटलं, सगळे एकदम दिले तर ती जागेवरून हलायची नाही. दर तिसऱ्या दिवशी एक भाग संपायचा, आणि संपला की तुला फोन, मग रविवार असो नसो. तासभर. मी औषधं घेऊन उभा असायचो आणि ती मला बोटाने खूण करायची, थांबा.

सातवा भाग द्यायच्या दिवशी मी म्हटलं, "खळ अजून वाळली नाही." मी हे का म्हटलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बरं." मग त्या दिवशी तिच्याकडे वाचायला काही नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलली. विशेष काही नाही. लहानपणी त्यांच्या घरी एक लंगडं मांजर होतं ते. माझ्या दुकानाचा वास तिला पहिल्या वर्षी सोसायचा नाही, आता तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं, ते. सव्वीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. सातवा भाग मी चार दिवसांनी नेला. आठवा सहा दिवसांनी. नववा आठ.

लोकांना सांगायला एक कारण मी तयार ठेवलं होतं, की गोष्ट शिल्लक आहे तोवर ती धीर धरेल, म्हणून पुरवून पुरवून दिली. शेजारच्या बाईंना मी तसं सांगितलंही, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं आहे, धाकट्या. मला ते दिवस हवे होते. पानं होती तोवर ती बाईंची आणि तुझी होती. पानं नसली की माझी.

दहावा भाग वाचून झाल्यावर तिने तुला फोन केला होता, तुला आठवत असेल. "आता एकच राहिलाय, तो येईपर्यंत एक अक्षर सांगायचं नाही," असं ती तुला म्हणाली. फोन ठेवून तिने मला विचारलं, "अकरावा कधी?" मी म्हटलं, खळ वाळायची आहे. पाच दिवसांनी पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "अहो, इतकी वर्षं बाइंडरच्या घरात काढली मी. सकाळी लावलेली खळ दुपारपर्यंत धरते."

मी म्हटलं, "हवा दमट आहे."

भिंतीवर ऊन पडलेलं होतं. ती त्याच्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "बरं. आज दुकानात काय काय झालं, सांगा." आणि मी सांगत बसलो. कोण आलं, कुठलं कापड संपलं, कापणीयंत्राचं पातं कसं बोथट झालंय. तिने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकरावा भाग नेता आला असता. दुकानाच्या दुसऱ्या खणात होता. मी नेला नाही. तिसऱ्या दिवशी तिला इस्पितळात हलवावं लागलं.

तिथे चौथ्या दिवशी मी तो पिशवीत घालून घेऊन गेलो. तोवर तिला अक्षरं दिसत नव्हती. तू विचारशील, वाचून का दाखवला नाही. ऐंशी पानं, दोन दिवसांचं काम. मला सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पिशवीत हातही घातला होता. पण ती नावं मला धड उच्चारता आली नसती, आणि तिने मला मध्येच थांबवून म्हटलं असतं, "राहू दे, धाकट्याला बोलवा, तो नीट वाचतो," तर? त्या भीतीने मी पिशवीची नाडी बांधली. तू शनिवारी येणार होतास. ती शुक्रवारी गेली.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की ती काहीच म्हणाली नाही. तिने शेवट वाचला नाही. माझ्यामुळे.

तू आलास तेव्हा लोक तुझ्या खांद्यावर हात ठेवत होते, कारण तू रडत होतास. मी खुर्च्या लावत होतो, कुणाला पाणी हवं का बघत होतो. मला वाटलं, हेही याच्याच वाट्याला. तू शेवटाबद्दल विचारलंस त्या क्षणी माझ्याकडे एक गोष्ट होती जी तुझ्याकडे नव्हती, तिचा शेवटचा शब्द. ती खोटी होती, तरी मी ती दिली नाही, "ठीक आहे" एवढंच दिलं. आता ती गोष्टही संपली. मला तुझा हेवा वाटतो. पूर्वी वाटायचा असं लिहिणार होतो, पण अजून वाटतो.

सोबत पार्सल आहे. त्यात दहा भाग आहेत. प्रत्येकात तिने समासात पेन्सिलीने लिहिलंय. "धाकट्याला विचारायचं." "इथे धाकटा चिडणार." "बघ, पूल इथे कामाला आला." त्रेचाळीस ठिकाणी. मी मोजली. माझा उल्लेख कुठे आहे का, तेही बघितलं. नाही. एक महिना हे भाग माझ्या उशाशी होते, पण त्यातलं काही माझ्याशी बोलत नाही. ते तुझे आहेत. मी ते पुन्हा एकत्र बांधू शकलो असतो, हजार पानांचं पुस्तक पुन्हा हजार पानांचं झालं असतं. हात लावला नाही. तिने धरले तसेच राहू देत.

अकरावा माझ्याकडे राहील. त्यात समास कोरे आहेत. ते मी केलंय, तेव्हा तो मलाच ठेवायला हवा.

तो मी उघडून पाहिला होता. कोण कुणाचं, काही कळेना. म्हणून गेल्या महिन्यात मालिकेच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली आहे, दुकान उघडण्याआधी रोज दहा-बारा पानं. तुझी यादी सोडून तिची धरली, त्याचा राग मानू नकोस. कंटाळा येतो. सोडलेलं नाही. शेवट मात्र मला सांगू नकोस, आणि तो वाचून ती काय म्हणाली असती हेही लिहू नकोस. तुला ते माहीत असणार, माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, आणि ते मला आज सहन होणार नाही.

एक मात्र सांग. पान एकशे चौऱ्याण्णववर नावाडी ज्या मुक्या बाईला पलीकडे नेतो, ती आणि सुरुवातीला नकाशेवाल्याच्या घरात राहणारी मुलगी एकच का? मी चारदा मागे जाऊन पाहिलं. मला पक्कं ठरवता येत नाही. दुसऱ्या कुणाला विचारणार? तुलाच विचारावं लागतंय.

रागावला असशील तर तसं लिही. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, ये असंही म्हणवत नाही. आलास तर किल्ली शिवणकामवाल्या बाईंकडे असते.

ऊन उतरलं आहे. दोरीवर मोठी चादर वाळत आहे, ती काढायला जातो. तिची एकट्याने घडी घालायची तर एक कडा हनुवटीखाली धरावी लागते. ते आता जमायला लागलं आहे.

तुझा अपराधी,
दादा